शनिवार पेठेतल्या दाराची पितळी नळी

आम्ही सातारा सोडला त्या सकाळी दारात टांगा उभा होता. दोन ट्रंका, एक वळकटी आणि आईनं काही केल्या मागे ठेवायला नकार दिलेला पाटा-वरवंटा एवढा संसार त्यात चढला होता. विमानात पाटा चालत नाही हे आईला मुंबईत कळलं, तो भाग वेगळा. शेजारच्या बायका ओट्यावर उभ्या राहून डोळ्यांना पदर लावत होत्या. मी नऊ वर्षांची होते. बाबा ट्रंकेला दोर आवळत होते. माझ्या हातात पेचकस देऊन ते म्हणाले, "दिने, चौकटीवरची मेझुझा काढ आणि माझ्या कोटाच्या खिशात ठेव. घाई कर."

मेझुझा म्हणजे आमच्या दाराच्या उजव्या बाजूला तिरकी ठोकलेली बोटभर लांबीची पितळी नळी. तिच्यात चामड्याच्या पापुद्र्यावर लिहिलेली आम्हा ज्यूंची प्रार्थना असते. येता-जाता तिला बोटं लावायची आणि ती बोटं ओठांना टेकवायची, ही आमच्या घराची रीत. आमची मेझुझा बाबांच्या आजोबांनी कोकणातून बैलगाडीतून आणलेली होती. दर शुक्रवारी दुपारी स्टुलावर चढून ती चिंचेनं घासायचं काम माझं होतं, म्हणून काढायचं कामही माझ्याकडेच आलं.

मी स्टुलावर चढले. एक स्क्रू सुटला. दुसऱ्याला पेचकस लावला आणि मला आईचं बोलणं आठवलं. पाहुणा आपली छत्री नाहीतर चष्मा विसरून गेला, की आई म्हणायची, "वस्तू राहिली ना, मग माणूस परत येणार." मी पहिला स्क्रू पुन्हा पिळला, स्टूल आत ठेवलं आणि टांग्यात जाऊन बसले. बाबांनी विचारलं, "ठेवलीस?" मी मान डोलावली.

यरुशलेमच्या दक्षिणेकडच्या बीरशेवा गावात आम्ही ट्रंका उघडल्या तेव्हा मेझुझा ना खिशात होती ना कपड्यांत. विमानतळावर कोट काढला होता तेव्हा पडली असेल, असं मी म्हणाले. बाबा "बरं" म्हणाले आणि आठवड्याभरात नवी मेझुझा घेऊन आले. नंतर त्यांनी तो विषय कधीही काढला नाही. त्यांनी मला एकदा बदडून काढलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं. ते वारले तेव्हा आमच्या सुतकाच्या रीतीप्रमाणे सात दिवस आम्ही जमिनीवर बसून होतो आणि त्या सातही दिवसांत माझ्या डोळ्यांसमोर ती नळी होती.

तुम्ही जे तिकडे राहिलात आणि जे माझ्यासारखे उठून इकडे आलात, त्या दोघांनाही हे सांगते आहे. कारण दोघांनाही वाटतं की मी सुखात आहे, आणि ते खरंच आहे. बीरशेवा काही वाईट गाव नाही. आपल्या माण-दहिवडीसारखं कोरडं, उन्हानं भाजलेलं. पहिल्या वर्षी आई दार उघडून बाहेर बघायची आणि म्हणायची, "एवढ्या लांब येऊन हेच बघायचं होतं, तर एसटीनं म्हसवडला गेलो असतो." मी नर्स झाले, लग्न झालं, तीन मुलं झाली. नातवंडं मला सावता म्हणतात, म्हणजे आजी. कुणी 'कसं काय' विचारलं तर आता तोंडातून 'बसेदेर' निघतं, म्हणजे ठीक चाललंय. पण ठेच लागली की अजून 'आई गं'च निघतं. शब्बातच्या, म्हणजे आम्ही पाळतो त्या शनिवारच्या, जेवणाला माझ्याकडे नारळाच्या रसातली आमटी असते आणि सून तिला 'सातारा सूप' म्हणते. आईनं ऐकलं असतं तर सुनेची खैर नव्हती.

यंदा भाचीच्या मुलाच्या लग्नासाठी ठाण्याला आले होते. तिथं भाचीनं व्हॉट्सॲपवर आलेला एक मेसेज दाखवला. 'साताऱ्यातल्या ज्यू खुणा. रविवारी सकाळी दीड तासाची पायी फेरी.' मला आधी हसूच आलं. साताऱ्यात आम्ही इनमीन चार घरं. हाका मारल्या तर दीड तास कशाला, दीड मिनिटात गोळा झालो असतो. हसून झाल्यावर पुढचं वाचलं. खाली लिहिलेल्या ठिकाणांत शेवटचं होतं, 'शनिवार पेठेतलं घर'. आमच्याशिवाय तिथं आमच्यातलं दुसरं घरच नव्हतं. शनिवार पाळणारे शनिवार पेठेत राहतात म्हणून बाबा कंपाउंडर होते त्या दवाखान्यात त्यांची थट्टा व्हायची.

मी नाव नोंदवलं, पण कोण ते सांगितलं नाही. चौकटीवर नुसती दोन भोकं दिसली, तर त्या वेळी माझं तोंड कुणी बघू नये असं मला वाटत होतं.

रविवारी सात वाजता आम्ही मोती चौकात जमलो. फेरी घेणारी मुलगी तेजश्री, मूळची सांगलीच्या विश्रामबागेतली, इथल्या कॉलेजात इतिहास शिकवते. कराडहून आलेले दोन निवृत्त मास्तर, पाचगणीच्या शाळेतल्या एक बाई, काही कॉलेजची मुलं-मुली, आणि मी. सवयीनं मोजलं तर दहा भरले. आमच्यात सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात आणि साताऱ्यात चार घरांचे मिळून सातच व्हायचे. एक जण कराडहून यायचा, दोघं कोरेगावहून. शब्बातला प्रवास करायचा नाही, म्हणून शुक्रवारी दिवस मावळायच्या आत ते आमच्या घरी मुक्कामाला. आई त्यांच्यासाठी चपात्या लाटता लाटता पुटपुटायची, "देवाला नऊ चालले असते तर माझी तेवढी कणीक वाचली असती."

तेजश्रीनं भांड्यांच्या दुकानावरची खोली दाखवली. प्रार्थना तिथं व्हायची. ती सिनेगॉग म्हणाली, मी मनात मशीद म्हणाले, कारण आम्ही तिला मशीदच म्हणायचो. कोकणात आमचे लोक तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत, हेही तिनं सांगितलं. पोरीनं अभ्यास चांगला केला होता. फक्त आम्ही सणाला शाकाहारी जेवायचो असं ती म्हणाली, तेव्हा माझी जीभ फार वळवळली. मी ती आवरून धरली.

मग शनिवार पेठेची गल्ली आली. गल्ली आखूड झाली होती, की माझे पाय लांब झाले होते, कोण जाणे. ओट्याच्या जागी फरशी, कौलांच्या जागी स्लॅब. पण चौकट सागवानाची, तीच. दार आकाशी रंगाचं होतं, चौकट आकाशी रंगाची होती, आणि उजव्या बाजूला माझ्या खांद्यापाशी आकाशी रंगाची एक तिरकी नळी होती.

तेजश्री काय बोलत होती ते मला ऐकू येईना. मी पुढे झाले आणि हात लावला. रंगाचे इतके थर बसले होते की नळी अंगठ्याएवढी जाड झाली होती. आधी माझा हात ओठांकडे गेला आणि मग मला रडू आलं.

आमच्यानंतर हे घर अत्तार चाचांनी घेतलं होतं. चौकात त्यांचं अत्तर-सुरम्याचं दुकान होतं. दारात आल्या त्या त्यांच्या सून, जुबेदाबी, सत्तरीच्या, माहेर सांगलीचं. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "तुमी कंपाउंडरसायबांची दिना न्हवं?"

मी होय म्हणाले. त्यांनी मला हाताला धरून आत नेलं, पाट दिला, पाणी दिलं. बाकी नऊ जण दारात उभे. तेजश्रीच्या हातातला कागद तसाच राहिला.

जुबेदाबी म्हणाल्या, "लगीन होऊन ह्या घरात आले तवापास्नं बघते. सासऱ्यांचं सांगणं एकच. ईदीला दाराला रंग द्याचा, तर तिलाबी द्याचा. काढायची मात्र न्हाई. पोरगी येनार हाय, ती आपल्या हातानं काढंल."

कोण पोरगी येणार हे त्यांना कुणी सांगितलं, असं मी विचारलं. त्यांनी कपाटातून एक डबा आणला. डब्यात घराचे कागद होते आणि त्यांत एक निळं हवाई पत्र. बाबांचं अक्षर मी दुरूनही ओळखलं असतं. औषधाच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लिहून लिहून ते बारीक आणि सरळ झालं होतं. पत्र आम्ही बीरशेव्याला पोचल्यावर महिन्याभरातलं होतं. सगळं इथं उतरवत नाही, मेझुझाबद्दलचं तेवढंच लिहिते.

'चाचा, किल्ली तुमच्या हातात देऊन मी वळलो तेव्हा दाराकडे पाहिलं होतं. मेझुझा तिथंच होती. दिना मला काढली म्हणाली आहे. मी तिला काही बोललो नाही, तुम्हीही कधी बोलू नका. मला तेव्हाच काढता आली असती, पण माझाही हात धजला नाही. पोरीला परत यायला काहीतरी निमित्त असू द्या. ती आली तर तिच्या हातानं काढू द्या.'

मी ते पत्र तीनदा वाचलं. माझ्या खोट्याचं ओझं माझ्या एकटीवर आहे असं मी आयुष्यभर समजत होते. त्यांनी तर माझं खोटं पहिल्याच दिवशी उचलून आपल्या खिशात घातलं होतं. 'बरं' म्हणाले होते ते खरंच बरं होतं. मला राग आला त्यांचा, तेवढ्यापुरता. एकदा सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण सांगितलं असतं तर निमित्त कुठं राहिलं असतं, हेही मग माझं मलाच कळलं.

जुबेदाबींनी पेचकस आणला. पाचगणीच्या बाईंनी मोबाईल पुढे धरला होता, त्यांनी तो आपणहून खाली केला. मी स्क्रूवरचा रंग नखानं खरवडला. आकाशीखाली हिरवा निघाला, त्याच्याखाली पिवळा, मग पुन्हा हिरवा. मी शुक्रवारी चिंचेनं घासायची, यांनी ईदीला रंगवली. घासणं झालं त्यापेक्षा रंगवणं कितीतरी जास्त वर्षं झालं होतं. आमचं शास्त्र सांगतं की घर दुसऱ्याचं झालं की ती काढून न्यावी. शास्त्राला जुबेदाबी ठाऊक नाहीत.

मी पेचकस त्यांच्या हातात परत दिला.

त्या म्हणाल्या, "आवं, सायबांनी लिवलंय न्हवं? न्या की."

मुंबईत आईचा पाटा राहिला, तशी हीही राहू द्या, मी म्हणाले. त्यांना पाट्याची गोष्ट ठाऊक नव्हती, ती सांगावी लागली, मग त्या हसल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. दहाही जणांना चहा आणि कंदी पेढा मिळाला. निघताना मी तेजश्रीला सांगून टाकलं की सणाला आमच्याकडे मटण असायचं. तिनं ते लगेच लिहून घेतलं.

त्याच घरात, त्याच दाराच्या आत, वल्हांडणाच्या, म्हणजे गुलामीतून सुटकेच्या सणाच्या, जेवणानंतर बाबा दरसाल एक वाक्य म्हणायचे. ते आमच्या सगळ्या घरांत म्हणतात, पिढ्यानपिढ्या म्हणत आले. 'पुढल्या वर्षी यरुशलेमात.' आम्ही पोरं ते ओरडून म्हणायचो आणि मग गल्लीत खेळायला पळायचो. आता माझ्या घरापासून यरुशलेम बसनं दीड-दोन तासांवर आहे. मुलगा तिथंच नोकरी करतो. सण झाला की हेच वाक्य आम्ही आताही म्हणतो, आणि म्हणताना मला दरवेळी वाटायचं की माझं काहीतरी चुकतंय.

परवा वल्हांडण झालं. नातवंडं जमली होती, सातारा सूप संपलं होतं. सगळ्यांनी मिळून यरुशलेमाचं वाक्य म्हटलं. मग मी एकटीनंच, मराठीत, मोठ्यानं म्हटलं, "पुढल्या वर्षी साताऱ्यात." धाकट्या नातीनं विचारलं, सावता, तिथं काय आहे? मी म्हणाले, माझी एक वस्तू राहिली आहे.