डॉक्टरकाकांची रायफल आणि तिची सेफ्टी

“फक्त ऑइलिंग कर रे. सेफ्टी एकदम ओके आहे, मी घरी चेक केलीये,” असं म्हणत डॉक्टरकाकांनी गाडीच्या डिकीतून आणलेली रायफल माझ्या टेबलावर ठेवली.

माझे हात शिवशिवायला लागले. इथे अमेरिकेत, हर्नडनजवळ माझं बंदूक दुरुस्तीचं दुकान आहे. रोज येतात त्या नव्या, प्लॅस्टिकच्या. ही सरप्लस होती, म्हणजे जुनी झाली म्हणून सैन्यानं विकून टाकलेली. अक्रोडाचं लाकूड, जाड पोलाद. असलं काही समोर आलं की मला जेवणसुद्धा सुचत नाही.

शनिवारी काकांची मुलगी नेहा ती घेऊन पहिल्यांदा हरणाच्या शिकारीला जाणार होती. काकाही सोबत. आत्ता ती काकांच्या शेजारीच उभी होती.

आत गोळी नाही याची मी दोनदा खात्री केली. सेफ्टी, म्हणजे चुकून बार उडू नये म्हणून असलेली कळ, लावली आणि ट्रिगर दाबला. काहीच झालं नाही.

“बघ, म्हटलं नव्हतं?” काका म्हणाले.

“काका, टेस्ट अजून अर्धीच झालीये.”

बहुतेक लोक इथेच थांबतात. मी ट्रिगर सोडला, बोट बाजूला घेतलं आणि सेफ्टी काढली.

खट्.

गोळीवर आपटणारी फायरिंग पिन आपोआप सुटली होती. आत गोळी असती तर बार उडाला असता.

“वेट, नोबडी टच्ड द ट्रिगर,” नेहा म्हणाली.

खरं तर मी घाबरायला हवं होतं. पण मला इतका आनंद झाला की लपवता येईना. या दोषाबद्दल मी फक्त वाचलं होतं. लगेच रायफल उघडली. ट्रिगरच्या वर सिअर नावाचा छोटा खटका असतो, तो फायरिंग पिनला अडवून धरतो. ट्रिगर दाबला की हा खटका खाली जातो, सोडला की वर यायला हवा. हा खालीच चिकटला होता, म्हणून सेफ्टी काढताच पिनला अडवायला काही उरलं नाही. त्यावर लालसर, घट्ट थर. वास ओळखीचा आला.

“काका, हिची पूजा करता?”

“म्हणजे काय! खंडेनवमीला. हळद, कुंकू, आणि गंजू नये म्हणून आत भरपूर खोबरेल.”

अति तिथे माती. घरात हीटर, तिथे खोबरेल पातळ राहतं. डिकीतल्या थंडीत थिजतं. जंगलात तर थिजणारच.

“शनिवारी पुढे कोण चालणार होतं?” मी विचारलं.

“मी. वाट मला माहीत आहे ना. नेहा मागून, रायफल घेऊन...” काकांची नजर रायफलच्या नळीवर गेली. नेहा खुर्चीत बसली आणि तिनं बाबांचा हात धरला.

सगळं सॉल्व्हंटनं धुतलं, गन ऑइलचा एक थेंब सोडला. मग रायफल बाहेर थंडीत नेऊन पुन्हा तीच टेस्ट केली. खटका दर वेळी टिच्चून वर आला. मी एकटाच टाळ्या वाजवत होतो.

शनिवारी दोघं गेले. हरण काही मिळालं नाही. नेहा पुढे चालली, काका मागून वाट सांगत होते.

पूजा लाकडाची करावी, आतल्या खटक्याची नाही. आणि सेफ्टी म्हणजे शेवटी लोखंडाचा एक तुकडा. त्याच्या भरवशावर कुणी कुणाच्या नळीपुढे चालू नये.