बंद घरातला माग

त्या मागाचा आवाज अजून माझ्या कानात आहे. मी सातवी पास. शिपाई म्हणून लागलो आणि फौजदार म्हणून निवृत्त झालो, कोणाच्या वशिल्याने नाही.

आंधळगावकडच्या एका विणकराने एका रेतीवाल्याविरुद्ध रेतीचोरीची तक्रार स्वतःच्या नावाने दिली होती. काही दिवसांत त्याची लाश वैनगंगेत सापडली. अकस्मात मृत्यूची नोंद झाली, घराला कुलूप लागलं. मग एका छोट्या पेपरात बातमी आली : तो बुडाला नाही, बुडवला; ज्या दोरीने हातपाय बांधले, ती रेतीवाल्याच्या शेडमध्ये आहे.

साहेब म्हणाले, पत्रकाराला ही खबर कोणी दिली, त्याचं नाव काढा. मी पत्रकाराला ठाण्यात बसवलं आणि विचारलं,

"अशिलाची गोष्ट लपवली तं वकिलाले कायदा वाचवते. तुले कोण वाचवन?"

"मले कोणी नाही. पण नाव सांगतलं तं तुमच्याच ठाण्यातून संध्याकाळपर्यंत रेतीवाल्याले मालूम होईन. मंग आणखी एक लाश काढा नदीतून."

मला राग आला, पण गोष्ट खरी होती. खबर कुठून मिळाली, हे पोलिसाला कोर्टही सांगायला लावू शकत नाही. पत्रकाराला तेवढंही कवच नाही. तरी त्याने नाव दिलं नाही; चहा पाजून सोडलं.

दुसऱ्या दिवशी माझा खबऱ्या आला. "साहेब, त्या मेलेल्या विणकराच्या घरात माग चालून राहिला. भेवानं लोक तिकडून जात नाहीत. पत्रकाराची गाडी मात्र तिकडंच दिसते."

भर दुपारी एकटाच गेलो. दाराला गंजलेलं कुलूप. आत खटक-खटक, खटक-खटक. त्या आवाजाखाली कोणीतरी हळू बोलत होतं. मी समजलो, पत्रकार खबर देणाऱ्याला इथेच भेटतो. माग चालू असला की शेजारच्यालाही बोलणं कळत नाही. कुलपाला हात लावला, तसा माग थांबला. आत श्वासही नाही. मला पत्रकाराचे शब्द आठवले : आणखी एक लाश.

मी हात काढला. वळून चालू लागलो, तेव्हा पाठीमागे माग पुन्हा सुरू झाला.

साहेबांना म्हटलं, "नाव मिळत नाही. रेतीवाल्याची शेड तर पाहू." दोरी तिथेच सापडली. खुनाचा गुन्हा दाखल झाला, खबर देणाऱ्याचं नाव न घेता.

निवृत्तीनंतर पत्रकार भेटला. मी ऐटीत म्हणालो, "त्या घरात तुमचं बोलणं चालू होतं, मी सोडून देल्लं."

"कोणतं घर, फौजदारसाहेब? मी तं त्या दारातही गेलो नाही. गाडी तिथल्या पिपराच्या झाडाखाली सावलीत ठेवत होतो."

त्याची पापणी हलली नाही. मी माग ऐकला, यावर मी ठाम आहे. तो खोटं बोलला असेल, तर माणूस पक्का. खरं बोलला असेल, तर त्या दुपारी मागावर कोण बसलं होतं, ते मी विचारणार नाही. काही नावं विचारायची नसतात, एवढं मी नोकरीत शिकलो.