सरळ केलेल्या स्की

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. पुढचं सगळं रंध्याने शिकवलं, असं मी लोकांना सांगत आलो, आणि सांगताना मान ताठ ठेवत आलो. सौदीत दम्मामला येऊन एकतीस वर्षं झाली, सगळी एकाच कफीलकडे, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाकडे. त्याच्या दुकानांची फर्निचरं, घराचे दरवाजे, पाहुण्यांच्या मजलिसची छतं, सगळं माझ्या हातचं. लाकूड घ्यायचं झालं की तो मला पुढे घालतो. व्यापाऱ्याला सांगतो, हा म्हातारा बोटाने टकटक करून सांगेल ते खरं. एवढा मान मिळाला की माणसाला वाटायला लागतं, लाकडाच्या बाबतीत आपल्याला आता कोणाला काही विचारायची गरज नाही.

कफीलची मधली मुलगी शिकायला परदेशात होती. तिथे तिला बर्फावर घसरायचा नाद लागला. आता दरवर्षी थंडीत बहिणींना घेऊन दहा दिवस बर्फाच्या डोंगरावर जाते. पायाला दोन लांब पट्ट्या बांधतात, त्यांना स्की म्हणतात. आतापर्यंत ती तिथेच भाड्याने घ्यायची. या वर्षी म्हणाली, स्वतःची एक जोडी घेते, सगळीकडे चालेल अशी. बाप म्हणाला, ''घे, पण चाचाला घेऊन जा. आत लाकूड असतं म्हणतात. फसवतील.'' ती पोर लहानपणापासून मला चाचा म्हणते, हिंदी सिनेमे बघून शिकली. गाडी तिनेच चालवली. मी बाजूला बसलो, इस्त्रीचा शर्ट घालून.

दुकान मोठ्या मॉलमध्ये. विकणारा माणूस चाळिशीचा. मी स्वतःशी मराठीत काहीतरी पुटपुटलो, ते ऐकून तो म्हणाला, ''काका, कुठले?''

''गुहागरकडचा. तू?''

''श्रीवर्धन.''

''श्रीवर्धनचा माणूस बर्फाच्या पट्ट्या विकतो? बर्फ कधी बघितलास तरी का रे?''

''आठ वर्षं बर्फातच होतो काका. दुबईच्या मॉलात थंड करून डोंगर बनवलाय, तिथे लोकांच्या पायात हेच अडकवायचो.''

''फ्रीजमधला बर्फ तो.''

''फ्रीजमधल्या बर्फावर पण माणूस आपटतो काका,'' असं म्हणून तो हसला. मी नाही हसलो.

त्याने तीन जोड्या काढून भिंतीला टेकवल्या आणि मुलीला हिंदीत समजावलं. ही अरुंद. सकाळी मशीनने दाबून कडक केलेल्या उतारावर सुरीसारखी जाते, पण मऊ बर्फ लागला की नाक खुपसते. ही रुंद. ताज्या भुसभुशीत बर्फावर तरंगते, पण कडक उतारावर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर यायला उशीर लावते. तुम्हाला दहा दिवसांत दोन्ही भेटणार, आणि जोडी एकच पाहिजे. मग मधली घ्या. पायाखाली साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास रुंद, उंचीला हनुवटी आणि नाक यांच्या मधे. फार कडक नको, फार लवचीक नको.

बोलणं मुद्द्याचं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मला कोणी विचारलंच नव्हतं. म्हणून मी कोपऱ्यातली सगळ्यात लांब, सगळ्यात जड जोडी उचलली आणि म्हणालो, ''ही घे बेटी. जड लाकूड ते मुरलेलं लाकूड.''

''दरवाजाला चालेल काका,'' तो म्हणाला. ''हिला वळवायचं असतं.''

मुलगी हसली. त्या हसण्याचा मला राग आला. तो पुढे म्हणत होता, ''याच्या आत लाकूड असलं ना काका, तरी याचं थोडं वेगळं असतं, बघा हा मधला...'' मी त्याला मधेच तोडलं. ''लाकडाचं तू मला सांगू नकोस.'' मुलीने मधली जोडी घेतली. निघताना त्याने मला त्याचा नंबर दिला, म्हणाला काही लागलं तर फोन करा, आपल्याकडचे आहात.

विमानातून न्यायला पेटी बनवायची म्हणून ती जोडी माझ्याकडे आली. कफीलच्या घरामागे पत्र्याची शेड आहे, तिथे माझं काम. माप घ्यायला मी दोन्ही पट्ट्या तळाला तळ लावून धरल्या. टोकं टेकली, पण मधे फट. पेन्सिल आरपार जाईल एवढी. एकेक करून टेबलावर ठेवली, तर पोट उचललेलं. मी मनात म्हटलं, घ्या. कच्चं लाकूड, कंटेनरच्या उन्हात बाक धरलेलं, आणि श्रीवर्धनकराने ते पोरीच्या गळ्यात मारलं.

इथे एक गोष्ट लिहितो, कारण ती लिहिण्यासाठीच वही घेतली आहे. दोन्ही पट्ट्या सारख्याच वाकलेल्या होत्या. अगदी दोऱ्याइतकाही फरक नव्हता. लाकूड आपणहून वाकतं तेव्हा दोन फळ्या कधी सारख्या वाकत नाहीत. एक उजवीकडे पीळ घेते, दुसरी नुसतीच पोट काढते. हे सुताराच्या दहा वर्षांच्या पोराला कळतं. सारखा बाक म्हणजे कोणीतरी मुद्दाम दिलेला बाक. मला ते दिसलं होतं. दिसून मी पुढे गेलो. नंबर खिशात होता. मुलगी वीस पावलांवर घरात होती. एक शब्द विचारला असता तर चाललं असतं. पण विचारायचं म्हणजे आपल्याला माहीत नाही असं म्हणायचं, आणि तेही त्याला.

मी ओलं फडकं घातलं, वरून इस्त्री फिरवली. सागाच्या दोन जाड फळ्यांमधे दोन्ही पट्ट्या घातल्या आणि शिकंजे आवळले. बाक काढायचा तर फळी थोडी उलट्या बाजूला न्यावी लागते, म्हणजे सोडल्यावर सरळ होते. तेही केलं, मधे एकेक शिकंजा थेट पट्टीवर आवळून. सप्टेंबरचा महिना होता, पत्रा दुपारी तापून कडकड वाजायचा. तीन आठवडे तसंच ठेवलं. काढल्या तेव्हा टेबलावर काचेसारख्या बसल्या. पेटीत घालताना मला एवढा आनंद झाला की दोन वेळा बाहेर काढून पुन्हा बघितल्या. मुलीला सांगितलं नाही. म्हटलं, चांगलं काम आपण होऊन दिसतं.

ती जानेवारीत गेली आणि डावा हात प्लास्टरमधे घालून परत आली. सकाळच्या कडक उतारावर स्की पकडतच नव्हत्या म्हणाली. कड लावली की खालून निसटायच्या. पहिल्या दिवशी तिला वाटलं आपणच विसरलो. दुसऱ्या दिवशी मनगट मोडलं. तिथल्या माणसाने जोडी हातात घेऊन सांगितलं, ही मेलेली आहे, जुनी असणार.

कफील चिडला. तो, मुलगी आणि पेटी उचलायला मी, असे दुकानात गेलो. श्रीवर्धनकर आला. त्याने पट्ट्या बाहेर काढल्या आणि मी शेडमधे केलं होतं तसंच केलं, तळाला तळ लावला. मधे फट नव्हती. दोन्ही पट्ट्या सपाट चिकटल्या होत्या. तेव्हा तो मुलीला म्हणाला, ''मॅडम, हिचा बाक गेलाय. या बाकावरच तर ही चालते. माणूस वर उभा राहिला की तो दबतो, आणि दबताना टोकापासून शेपटीपर्यंत सगळी कड बर्फात रुतते.'' मग त्याने अंगठा पट्टीवरून फिरवत नेला. एका जागी थांबला. तिथे शिकंज्याचा चौकोनी वळ होता. माझ्या डोळ्यांना तो लांबून दिसत होता. त्याने विचारलं, ''ही कोणी गरम केली होती का, दाबली होती का?''

मुलगी म्हणाली, नाही. कफील म्हणाला, आम्ही काय वेडे आहोत. मी समोरच्या भिंतीवरचे बूट बघत होतो. पिवळे होते, एक सोडून एक.

मॅनेजर धावत आला. त्याने कफीलची माफी मागितली, नवीन जोडी दिली, आणि सगळ्यांच्या देखत श्रीवर्धनकराला बोलला की वापरलेला माल विकतोस का. तो म्हणाला, ''सर, नवीन होती. मी स्वतः बघून दिली.'' एवढंच. माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, त्याला कळलं नाही. मी पेटी उचलली आणि गाडीत जाऊन बसलो.

आमच्याकडे शुक्रवारी दोन-चार कोकणातली माणसं एकाच्या खोलीवर जेवायला जमतात. चपात्या कोणी, मासे कोणी, असं. तिथे महिन्याभराने कळलं की श्रीवर्धनकराला काउंटरवरून काढून गोदामात घातलंय, आणि मेमधे कॉन्ट्रॅक्ट संपलं की पुढे वाढवणार नाहीत. फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं गावी. बायको-पोरी इथेच आहेत, थोरलीची दहावीची परीक्षा पुढल्या वर्षी. एकजण म्हणाला, ''आता शाळा सोडून पोर गावी जाणार.'' दुसरा म्हणाला, ''खलास.'' मी माशाचा काटा काढत राहिलो.

त्यानंतरही मी तीन शुक्रवार गप्प होतो. कफील मला घालवील ही भीती मला होती असं लिहिलं असतं, लोकांना ते पटलंही असतं. पण ते खोटं होईल. एकतीस वर्षांच्या माणसाला तो दोन पट्ट्यांसाठी घालवणार नाही, मला माहीत होतं. मला भीती होती ती वेगळी. म्हातारा लाकडाला फसला, असं कोणी म्हणेल याची. एका बाजूला एका पोरीची शाळा, एका बाजूला माझं नाक, आणि मी तीन आठवडे नाक धरून बसलो.

शेवटी मुलीला सांगितलं. तिचं प्लास्टर निघालं होतं, ती अंगणात हाताचा व्यायाम करत होती. मी मोडक्या अरबीत आणि हिंदीत सगळं सांगितलं, इस्त्रीसकट. तिने व्यायाम थांबवला. मग म्हणाली, ''चाचा, मी घरातच होते. मला विचारलं का नाही?''

तिने चावी घेतली आणि म्हणाली, ''यल्ला, चला.''

दुकानात मी मॅनेजरसमोर उभा राहिलो आणि हिंदीत बोललो. तो आधी समजला नाही, मग हसायला लागला. मोठ्याने हसला. दुसऱ्या दोघांना बोलावून मला पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. मुलगी त्याच्यावर रागावली, तेव्हा त्याने हसणं आवरलं आणि गोदामातून श्रीवर्धनकराला बोलावून घेतलं. तो घामाने भिजून आला, हातात खोके बांधायची पट्टी तशीच. मॅनेजरने त्याला सांगितलं की कॉन्ट्रॅक्टचं बघू, वाढवू. काउंटरवर आता दुसरा माणूस घेतलाय, तेवढं मात्र जमणार नाही. त्याने मान हलवली.

मी त्याला बाजूला घेतलं. ''माझं चुकलं रे.''

''मला त्याच दिवशी कळलं होतं काका. वळ शिकंज्याचा होता. माझा मामा होड्या बांधायचा.''

''मग बोलला का नाहीस?''

''तुम्ही बाजूलाच उभे होतात. म्हटलं, काका बोलतील.''

हे त्याने रागाने म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तो साधं म्हणाला, आणि काम पडलंय म्हणून गोदामात गेला. तिथे एसी नाही. अजून तिथेच आहे. शुक्रवारी जेवायला येतो, सरकून मला बसायला जागा करतो, आणि मी बसतो.