गुरुजींच्या पुढ्यातलं अंडं

आमची धाकटी जाऊ हट्टी आहे. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तिच्याबद्दल बरं बोलले तर मी तोंडदेखलं बोलते असं कुणाला वाटायला नको. एकदा नाही म्हणाली की नाही. मग नवरा समजावो, सासू समजावो, नाहीतर मी डोकं आपटून घेवो.

लग्न होऊन आली तेव्हा ती कोंबड्यांच्या कंपनीत कामाला होती. लांबलचक शेड, पिंजऱ्यांवर पिंजरे, आणि एकेका पिंजऱ्यात इतक्या कोंबड्या की एकीनं पंख उघडायचा म्हटलं तर दुसरीनं खाली बसायला हवं. हिचं काम अंडी गोळा करायचं आणि सकाळी मेलेल्या कोंबड्या ओढून काढायचं. पगार वेळेवर, सुट्टी ठरलेली. आम्हाला वाटलं, लागली मार्गाला. तर एक दिवस घरी आली, अंगावरचे कपडे बादलीत बुडवले आणि म्हणाली, उद्यापासून जाणार नाही. मी विचारलं, कुणी काही बोललं का? म्हणाली, "मेली म्हणून एकीला बाहेर काढलं, तर जिवंत होती. जमिनीवर ठेवली, तर तिला पाऊल टाकताच येईना. उभीच राहिली तिथं."

त्यानंतर कंपनीचं अंडं हिच्या तोंडी गेलं नाही. मी आणून खायचे, तिच्यासमोर खायचे. मी म्हणायचे, अगं, पोटात गेल्यावर कोण विचारतंय त्याची आई कुठं हिंडत होती? ती हसायची नाही. स्वतःचा तवा वेगळा ठेवायची, जसं काही मी त्यात विष कालवणार होते.

मग तिनं घरामागे कोंबड्या पाळल्या. एक कोंबडा, बाकी कोंबड्या, सगळ्या दिवसभर मोकाट. माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांखाली घाण करायच्या, कुंडीतली माती उकरायच्या. मी शिव्या घालायचे आणि ती ऐकून घ्यायची. पण अंडी मात्र गल्लीत खपायला लागली. लोक गावठी म्हणून कौतुकानं न्यायचे. गेल्या वर्षी धाकट्या दिरांचं काम सुटलं, तेव्हा त्या कोंबड्यांनीच त्यांचा संसार ओढला. तरी तो पुरा पडत नव्हता. दीर अधूनमधून म्हणायचे, कंपनीत परत घेतायत. ती ताटावरून उठून जायची.

मी वृद्धाश्रमात स्वयंपाक करते. तिथं माळ्यावरच्या खोलीत एक गुरुजी राहतात. आयुष्यभर पोरांना शिकवलं, आता मोठ्या आजारातून उठलेले, अंगावर नुसती कातडी. अन्नच नको म्हणायचे. डॉक्टरांनी सांगितलं, काहीही करा पण पोटात जाऊ द्या. कंपनीचं अंडं त्यांनी चमच्यानं बाजूला सारलं. म्हणून मी एकदा घरून धाकटीचं नेलं, अर्धकच्चं उकडून दिलं, तर म्हातारा बशी पुसून मोकळा. आमच्या मॅनेजरबाईंनी ते पाहिलं. त्या कडक आहेत, पण माणसाचं भलं कळतं त्यांना. म्हणाल्या, "महिनाभर सगळी अंडी तुमच्या जावेकडून घेऊ. नीट चाललं तर कायमचं."

कायमचं म्हणजे काय, ते आमच्या घरात सगळ्यांना कळलं होतं. आश्रमाचं काम टिकलं तर धाकटीला पुन्हा त्या शेडमध्ये पाय ठेवायला नको. नाही टिकलं तर दुसरी वाटच नव्हती. त्या महिन्यात ती नीट झोपलीसुद्धा नाही. कोंबडीनं जरा वेगळा आवाज काढला की ही बाहेर.

महिना संपत आला तशा कोंबड्या अंडी कमी द्यायला लागल्या. टोपली भरेना. त्या दिवशी सकाळी पाहते तर टोपली काठोकाठ. मला काय, आनंदच झाला. उचलली आणि निघाले.

आश्रमात गुरुजींचा नाश्ता सगळ्यांच्या आधी असतो. छोट्या पातेल्यात दोन अंडी अर्धकच्ची उकडली आणि वरकामाच्या मावशींच्या हाती वर पाठवली. मग बाकीच्यांसाठी मोठं पातेलं गॅसवर चढवलं आणि अंडी सोडायला लागले, तोच दारात धाकटी. सायकल बाहेर तशीच आडवी पडलेली, हातांना साबणाचा फेस.

"ताई, गॅस बंद करा."

"का? काय झालं?"

"आधी बंद करा."

मी बंद केला. तिला धाप लागली होती. झालं होतं असं, की आमच्या सासूबाईंना जुन्या पत्र्यांच्या मागे अंडी सापडली होती. मोकळ्या कोंबडीची हीच तर खोड, खुराडं सोडून कुठंतरी आडोशाला घालते आणि कुणाला पत्ता लागू देत नाही. किती दिवसांची, कोंबडी त्यावर बसली होती की नाही, देव जाणे. धाकटी असली अंडी कधी विकायची नाही. पण सासूबाईंना सुनेची टोपली रिकामी बघवेना. त्यांनी ती अंडी ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसली, टोपलीत ताज्यांमध्ये मिसळली, आणि मी गेल्यावर चहा पिताना कौतुकानं सांगितलं, "बघ, केली की नाही तुझी टोपली पुरी?"

धाकटीनं बादलीत पाणी घेतलं आणि टोपलीतली अंडी एकेक करून सोडली. ताजं अंडं तळाला आडवं पडतं. बरीचशी पडली. काही तळाशी उभी राहिली, म्हणजे शिळी. आणि एक सरळ वर आलं आणि तरंगत राहिलं.

"कुणाला दिलं का यातलं?" तिनं विचारलं.

मी वर बोट केलं.

जिना आम्ही कशा चढलो मला आठवत नाही. गुरुजी उशीला टेकून बसले होते. बशीत एक टरफल रिकामं. दुसऱ्या अंड्याचं टोक उडवलेलं, आणि चमचा आत जायच्या बेतात. धाकटीनं त्यांचं मनगटच धरलं.

"गुरुजी, ते खाऊ नका."

"का बरं?" ते म्हणाले. "आज माझी परीक्षा आहे का?"

तिनं ते अंडं बशीत ओतलं. पांढरं पाण्यासारखं पसरलं, बलक एका बाजूला टरफलाला चिकटून राहिला. वास नव्हता, पण ताजं नव्हतं हे माझ्यासारखीलाही कळलं.

"पहिलं कसं लागलं?"

"अंड्यासारखं," गुरुजी म्हणाले.

मागे मॅनेजरबाई उभ्या होत्या. मी धाकटीचा पाय हळूच दाबला. म्हटलं, गप्प बस बाई, एवढ्यात काही बोलू नकोस, निभावून जाईल. गप्प बसेल तर ती धाकटी कसली. तिनं पत्र्यापासून फडक्यापर्यंत सगळं सांगितलं, सासूबाईंना दोष न देता. "माझ्या घरून आलंय, म्हणजे माझीच चूक," म्हणाली. मला तर तिच्या एक ठेवून द्यावीशी वाटली.

डॉक्टरांना फोन झाला. ते म्हणाले, लक्ष ठेवा. उलटी, ताप, पोटात मुरडा, काहीही झालं तर ताबडतोब दवाखान्यात हलवा. धडधाकट माणूस असता तर गोष्ट वेगळी, यांना एवढंसुद्धा झेपणार नाही.

मग तो दिवस. मी खाली सगळ्यांना पाव आणि दूध दिलं, दुपारचा स्वयंपाक केला, आणि एकाही भांड्यात काय शिजतंय याकडे माझं लक्ष नव्हतं. दर थोड्या वेळानं काहीतरी निमित्त काढून वर जायचे. धाकटी त्यांच्या खाटेशेजारी स्टुलावर बसलेली. गुरुजींनी कूस बदलली की ही उठायची. ते खोकले की ही तस्त हातात घेऊन तयार. एकदा त्यांनी पोटावर हात ठेवला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी फक्त पांघरूण वर ओढलं होतं. दुपारी त्यांना झोप लागली, तेव्हा ती त्यांच्या छातीकडे टक लावून बघत बसली. मी म्हटलं, थोडं खाऊन घे. नको म्हणाली. मी म्हटलं, तू आडवी झालीस तर तुझ्याकडे कोण बघणार? तरी नकोच.

उन्हं उतरली तेव्हा गुरुजींना जाग आली. इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "ही पोरगी सकाळपासून इथंच आहे का? हिला चहा द्या. मलाही द्या." ताप नव्हता. पोट मऊ होतं. मी बाहेर जिन्यात जाऊन रडून घेतलं.

मॅनेजरबाईंनी आम्हाला ऑफिसात बोलावलं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, मीही दोन शब्द सुनावले असते.

"तुम्ही खरं सांगितलंत, म्हणून मी तुम्हालाच विचारते," त्या धाकटीला म्हणाल्या. "कंपनीच्या अंड्यावर तारीख असते. तुमच्या कोंबड्या सुखात आहेत, हे मला पटतं. पण उद्या सकाळी गुरुजींच्या पुढ्यात कोणतं अंडं ठेवू?"

मी मनातल्या मनात म्हणत होते, सांग, आपलंच ठेवा. सांग, पुन्हा असं होणार नाही. बाई ऐकून घेतील, त्यांचा आवाज मऊ आहे. धाकटी खाली बघत होती. हातांवर साबण वाळून पांढरा झाला होता.

"कंपनीचं ठेवा," ती म्हणाली.

"नक्की?"

"माझ्या कोंबड्या ठरल्या जागी घालतात याची मला खात्री पटू दे. तोवर कंपनीचंच." मग म्हणाली, "पण त्यांना ते आवडणार नाही. बलक जास्त कडक होऊ देऊ नका, म्हणजे खातील."

बाहेर पडल्यावर मी तिच्यावर तोंड सोडलं. अगं, तुला अक्कल आहे की नाही, हातातलं काम असं फेकून देतात का, आता काय करणार आहेस? ती सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत होती. म्हणाली, "मला तिथं जायचं नाही म्हणून त्यांना काहीही खायला घालू का, ताई?" मला तिचा भयंकर राग आला होता आणि तिच्याइतकं चांगलं माणूस मी दुसरं पाहिलं नव्हतं. दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

घरी सासूबाई दारातच बसल्या होत्या. दिवसभर काही खाल्लं नव्हतं. हिला बघितल्यावर डोळ्यांना पदर लावला. "माझ्या हातून झालं गं. आता तुझ्या कोंबड्यांच्या वाटेला मी जाणार नाही."

धाकटी त्यांच्याजवळ खाली बसली.

"जायचंय, आई. सकाळी खुराड्याचं दार तुम्ही उघडायचं. पण लगेच नाही. अंडी घालून होईपर्यंत त्यांना आतच ठेवायचं. आरडाओरडा करतील, करू द्या. सगळी अंडी उचलून झाली की मगच सोडायच्या. दुसरीकडे कुठं सापडलं तर ते वेगळं ठेवायचं, टोपलीत नाही."

"माझ्यावर सोपवतेस?" सासूबाई म्हणाल्या. "आज एवढं होऊनसुद्धा? आणि तू गं? तू असतेसच की सकाळी."

धाकटीनं त्यांचा हात हातात घेतला.

"सकाळी मी नसेन, आई," ती म्हणाली. "कंपनीची गाडी लवकर येते."