पप्पांचा शनिवार

महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी पप्पा चार वाजता चहा घेत, त्या दिवशी दुसऱ्यांदा दाढी करत, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालत आणि माफी मागायला बाहेर पडत. नव्यानं राहायला आलेली एखादी शेजारीण आईला विचारायची, "अंकल कुठं निघाले? लग्नाला का?" आई तांदूळ निवडता निवडता म्हणायची, "नाही, मिटवायला."

आम्ही मूळचे मिरजेकडचे मराठी ख्रिस्ती. पप्पा तरुणपणी बेंगळुरूला आले ते इथल्या एका सरकारी कारखान्याच्या टूलरूममध्ये, आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच तपासनीस होते. जयनगरमध्ये भाड्याच्या दोन खोल्यांत आमचा संसार झाला. आमची मराठी मंडळी अगदी छोटी, तीस-चाळीस घरांची. स्वतःचं चर्च नसल्यामुळे एका कन्नड चर्चच्या मागच्या सभागृहात रविवारी दुपारी आमची उपासना व्हायची. दर पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारसाचा घोट, प्रभूच्या आठवणीसाठी. त्याला एकच अट असते. मनात कुणाशी वैर ठेवून, किंवा आपल्यामुळे कुणाच्या मनात ते राहू देऊन, त्या मेजाला हात लावायचा नाही. बाकीची मंडळी दोन मिनिटं डोळे मिटून ही अट उरकून घेत. पप्पा मात्र ती ड्रॉइंगवरच्या मापासारखी पाळत. "लाकडात सूतभर चालतं," ते म्हणायचे, "लोखंडात चालत नाही. आणि मनात तर मुळीच नाही."

त्यांच्या माफीलाही स्वतःचा असा काटेकोरपणा होता. एकदा कारखान्यात त्यांनी एक अख्खा लॉट नापास केला आणि सुपरवायझरशी जोरदार वाजलं. शनिवारी पप्पा इंदिरानगरला त्या गृहस्थांच्या घरी गेले, मला सोबत घेऊन. मी तेव्हा आठवीत होते. पप्पा दारातच म्हणाले, "माल नापासच आहे, सर. तो सोमवारीही नापासच राहील. पण मी चारचौघांत आवाज चढवून तुमचा अपमान केला, ते चुकलं." सुपरवायझरना हसावं की दार लावावं ते कळेना. शेवटी त्यांच्या बायकोनं आम्हाला कॉफी दिली. पप्पांनी ठरलेला प्रश्न विचारला, "मग, तुमचं-माझं मिटलं का?" आणि होकार घेतल्यावरच कपाला हात लावला.

दुसऱ्या एका वेळी तर कमालच झाली. वरच्या मजल्यावरच्या रावसाहेबांना जाऊन त्यांनी सांगितलं की, तुमच्या मिक्सरच्या आवाजामुळे महिनाभर मी तुम्हाला मनातल्या मनात शिव्या देत होतो, क्षमा करा. रावसाहेबांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते इतके भडकले की पुढचे तीन आठवडे जिन्यात तोंड फिरवत राहिले. पुढच्या महिन्याच्या शनिवारी पप्पा पुन्हा वर गेले. आई म्हणाली, "ह्यांना कुणीतरी सांगा, न झालेलं भांडण मिटवता येत नाही." पप्पा जिना चढताना म्हणाले, "आता झालंय ना. स्वल्प थांब, आलोच."

घरातही सूट नव्हती. मी दहा वर्षांची असताना त्यांनी मला एक थप्पड मारली होती, कशासाठी ते आता आठवत नाही. शनिवारी ते माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "सुवार्ता, मी मोठा आहे म्हणून मारलं. चुकलं माझं. तुझं-माझं मिटलं का?" मी फुगून बसले होते. त्यांनी घाई केली नाही. दिवेलागण होईपर्यंत ते तसेच बसून राहिले. मी अखेर हसले, तेव्हा उठताना त्यांचा गुडघा कटकन वाजला आणि आम्ही दोघंही हसलो. इतकं साधं होतं तेव्हा.

चार वर्षांपूर्वी आई गेली. सकाळी दहाच्या सुमाराला ती भाजी घेऊन गल्लीत शिरली आणि पाण्याचा टँकर मागं घेणाऱ्या ड्रायव्हरला ती दिसलीच नाही. मागं उभा राहून इशारा करायला त्यानं कुणी माणूस ठेवलेला नव्हता. पप्पा फाटकाशी उभे होते. त्यांनी ते सगळं पाहिलं. मी इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसात मीटिंगमध्ये होते. पोचले तेव्हा रस्ता धुवून झाला होता आणि पप्पा पायरीवर बसून विखुरलेले टोमॅटो एका पिशवीत भरत होते. त्यांना काय करावं ते कळत नव्हतं, म्हणून ते करत होते.

त्यानंतरचा प्रभुभोजनाचा रविवार तिसऱ्या आठवड्यातच आला. मी तेव्हा त्यांच्याजवळच राहत होते. शनिवारी त्यांनी दाढी केली, पांढरा शर्ट घातला. मला वाटलं, माणसात येताहेत हळूहळू. जरा बरंच वाटलं. रविवारी सकाळी नाश्ता करताना ते म्हणाले, "काल मंजुनाथकडं जाऊन आलो."

"कोण मंजुनाथ?"

"टँकरचा ड्रायव्हर. जामिनावर सुटलाय. बोम्मनहळ्ळीच्या पुढं राहतो. घाबरलाय फार. दोन लहान मुली आहेत त्याला." मग जरा थांबून ते म्हणाले, "जेवल्याशिवाय सोडेनात. मुद्दे केली होती."

मुद्दे म्हणजे नाचणीचा उकडलेला गोळा, आणि सोबत सारू, पातळ आमटी. माझ्या आईला मारणाऱ्याच्या घरी, तिला पुरून अठरा दिवस झाले असताना, माझे वडील मांडी घालून मुद्दे गिळत होते. मी विचारलं, "त्याला माफ करून आलात?"

"हो. मिटवलं. महिना भरत आला होता, सुवार्ता."

मी त्यांना म्हणाले, "तुमचं तुम्ही मिटवा. आईच्या वतीनं मिटवायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? आणि माझ्या वतीनं?" पप्पांनी हातातला घास बशीत परत ठेवला. मी त्याच दुपारी बॅग भरून माझ्या फ्लॅटवर निघून आले.

त्यांनी खोटेपणा केला, असं मी कधी म्हणणार नाही. पुढं खटला चालला तेव्हा कोर्टात त्यांनी जे पाहिलं ते जसंच्या तसं सांगितलं. टँकर किती वेगात मागं आला, हॉर्न दिला नाही, माणूस नव्हता. एक शब्द मऊ केला नाही. ड्रायव्हरच्या वकिलानं डोळे वटारले तरी नाही. मग पिंजऱ्यातून उतरून बाहेर आले आणि व्हरांड्यात त्याच ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून त्याच्या मुलीच्या शाळेची चौकशी करायला लागले. "शिक्षा द्यायचं काम सरकारचं," ते मला म्हणाले, "मी माझं काम केलंय." मी तो खांद्यावरचा हात पाहिला आणि जिना उतरून आले. चर्चला जायचं तर मी घर सोडलं त्या दिवसापासूनच बंद केलं होतं.

त्याआधी, घर सोडून दोन महिने झाले तेव्हा, एका शनिवारी माझ्या फ्लॅटची बेल वाजली. पप्पा दोन बस बदलून आले होते. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. त्यांनी पाणीही न पिता सांगितलं, "तू म्हणालीस ते बरोबर होतं, बाय. तुला विचारायला हवं होतं. मी ते एकट्याचं समजलो. चुकलं माझं. तुझं-माझं मिटलं का?"

माझ्यासमोर लॅपटॉप उघडा होता. मी म्हणाले, "मिटलं, पप्पा. बसा, चहा टाकते." त्यांनी माझ्या तोंडाकडं निरखून पाहिलं. टूलरूममध्ये ते मायक्रोमीटर डोळ्यापाशी धरून बघत, तसं. मग म्हणाले, "सरी," म्हणजे ठीक, आणि चहा घेऊन गेले. पुढच्या महिन्यात पुन्हा आले. त्याच्या पुढच्याही. मी दर वेळी मिटलं म्हणत असे आणि दर वेळी ते तसंच निरखून "सरी" म्हणत. मला वाटायचं, म्हातारा एकटा पडलाय, निमित्त काढून येतो. कधी कधी राग यायचा. एकदा तर मी मुद्दाम मॉलमध्ये जाऊन बसले. ते तासभर वॉचमनच्या खुर्चीशेजारी थांबून परत गेल्याचं नंतर कळलं. मी फोनसुद्धा केला नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात त्यांचं हृदय थकलं. फुप्फुसांत पाणी साचलं आणि त्यांना हॉस्पिटलात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन, आता फार दिवस नाहीत, असं स्पष्ट सांगितलं. पहिल्या रविवारी दुपारी उपासना आटोपून आमचे पाळकसाहेब त्यांना प्रभुभोजन द्यायला आले. त्यांच्याबरोबर मंडळीतल्या रूथकाकू होत्या, आईच्या मैत्रीण. खोलीबाहेर त्यांनी माझा हात धरला.

"आज तरी घेऊ दे त्यांना," त्या म्हणाल्या.

"काय घेऊ दे?"

काकू माझ्याकडं बघतच राहिल्या. "तुला खरंच ठाऊक नाही? तुम्ही दोघं तुटलात तेव्हापासून तुझ्या पप्पांनी, शांतवनभाऊंनी, मेजाला हात लावलेला नाही. चार वर्षं. दर महिन्याला तबक आलं की शेजाऱ्याकडं सरकवतात. कुणी विचारलं तर म्हणतात, घरी एक हिशेब राहिलाय."

ज्या दोन घासांसाठी हा माणूस जन्मभर बेंगळुरूभर माफी मागत हिंडला, ते त्यानं माझ्यामुळे चार वर्षं सोडले होते. आणि मी म्हणत होते, म्हातारा निमित्त काढून येतो. माझी मलाच इतकी लाज वाटली की क्षणभर आत जाऊ नये असंच वाटलं.

आत गेले तेव्हा पाळकसाहेबांनी डबी उघडून भाकरीचा तुकडा आणि छोटा प्याला मांडला होता. पप्पांनी ऑक्सिजनचा मास्क हनुवटीवर ओढला. एकेक शब्दाला त्यांना दम लागत होता. "सुवार्ता. तुझं-माझं, मिटलं का?"

मला हो म्हणायचं होतं. देवाशपथ, त्या क्षणी मागितलं असतं तर मी त्यांना माझं हृदय काढून दिलं असतं. पण हो म्हणण्यासाठी आत हात घातला, तर आत ती मुद्देच होती. अठराव्या दिवसाची, गरम, सारूत बुडवलेली. ती चार वर्षांत इंचभरही हलली नव्हती. मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "मिटलं, पप्पा. खरंच मिटलं."

त्यांनी पाहिलं. डोळे पिवळे पडले होते, पण माप घ्यायची नजर तीच होती. मग त्यांनी पाळकसाहेबांकडं मान वळवली. "राहू द्या."

"शांतवनभाऊ," पाळकसाहेब कळवळून म्हणाले, "देवाची कृपा मोठी आहे. घ्या तुम्ही."

"मोठी आहे, म्हणूनच, फसवायचं नाही."

पाळकसाहेबांनी डबी मिटली. रूथकाकू पदरात तोंड लपवून रडायला लागल्या. मी पप्पांना म्हणाले, मला माफ करा, मला जमत नाहीये, मी काय करू. चार वर्षांत मी बोललेलं तेवढंच एक खरं वाक्य. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. त्यांनी माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि म्हणाले, "वेळ लागतो, बाय. घे वेळ. मी थांबतो."

सोमवारी मी दिवसभर त्यांच्या उशाशी बसून होते. ते बहुतेक झोपेतच होते. मी मनातल्या मनात त्या बोम्मनहळ्ळीच्या घरात जाऊन पाहिलं, त्या पोरींच्या शेजारी बसून पाहिलं, ताटाकडं पाहिलं. दर वेळी उठून यावं लागलं. मंगळवारी दुपारी नर्सनं मला बाहेर थांबायला सांगितलं आणि पुन्हा आत बोलावलं तेव्हा सगळं संपलं होतं. थांबणं त्यांच्या हातात नव्हतं.

बुधवारी दफन झालं. आईच्याच कबरेत त्यांना ठेवलं. पेटी खाली सोडल्यावर एकेकानं पुढं होऊन मूठभर माती टाकली. सगळे झाल्यावर मागं झाडाशी एक माणूस उभा असलेला दिसला. विटका शर्ट, पायात चप्पल नाही. मी त्याला कोर्टानंतर पाहिलं नव्हतं, तरी ओळखायला वेळ लागला नाही. तो पुढं आला आणि कबरेपासून चार पावलांवर थबकला. मंडळी माझ्याकडं बघायला लागली. तोही माझ्याकडंच बघत होता.

"अक्का," तो खालच्या आवाजात म्हणाला, "मण्णु हाकला?" माती टाकू का, असं तो विचारत होता. मलाच विचारत होता.

कबरेच्या कडेला जायला मी उभी होते तेवढीच वाट होती. मी बराच वेळ हलले नाही. मग मी एक पाऊल बाजूला सरकले. तो वाकला, मूठ भरली, आणि माती पेटीवर पडल्याचा आवाज मी ऐकला. मला एवढंच जमलं. ते मिटणं नव्हतं, पण चार वर्षांत माझ्याकडून पहिल्यांदाच काहीतरी हललं होतं, आणि ज्यांनी ते लगेच मोजून पाहिलं असतं ते त्या मातीखाली होते.