सिलोनला निघालेली मंडळी

कापडाच्या दुकानात ताग्याच्या शेवटी हात-दीड हात तुकडे उरतात. त्यांचं धड झबलंही होत नाही आणि फेकूनही देववत नाहीत. मग ते फळीच्या कोपऱ्यात साठत राहतात. आमच्या सिलोनच्या प्रवासाचे किस्से असेच साठलेत. प्रवासाचं काय झालं ते विचारू नका, पण त्याच्या तयारीत आमची सात-आठ वर्षं मजेत आणि दुःखात गेली.

दुकान प्रेमसुखजींचं, जालन्यातलं. ते जैन, दिवस असताना जेवून यायचे आणि मग गादीवर आमची बैठक भरायची. आमची म्हणजे कुणाची? एक मी, शाळेत भूगोल शिकवणारा मास्तर, त्यांच्या घरासमोरच राहणारा. दुसरे बापूराव, भोकरदनकडचे शेतकरी, पोरांच्या शिक्षणासाठी जालन्यात घर केलेले. तिसरे करीमभाई. त्यांचं शिलाई मशीन दुकानाच्या ओट्यावरच असायचं. पोलीस अ‍ॅक्शनच्या दिवसांतही, निजामाचं राज्य गेलं तेव्हा, ते तिथून हललं नव्हतं, कारण प्रेमसुखजींनी हलू दिलं नव्हतं.

आता हे सिलोन कुठून निघालं? प्रेमसुखजींना एकच मुलगा, मोहन. त्याला गादीवर बसायचं नव्हतं. एकदा भर गिऱ्हाइकांत बापलेकांची जुंपली आणि प्रेमसुखजी बोलून गेले, "पाय भाईर टाकला, तर मंग परत यायचं न्हाई!" मोहननं पाय बाहेर टाकला, तो थेट सिलोनपर्यंत. पहिली दोन वर्षं आईला बिनपत्त्याची पत्रं आली, मग तीही थांबली. ओळखीच्या एका व्यापाऱ्याकडून एवढंच कळलं, की तो कोलंबोत एका कापडाच्या दुकानात आहे.

"इथं गज धराया लाज वाटत होती," प्रेमसुखजी म्हणाले, "अन् तिथं काय मोती मोजून राह्यला का?"

पोराला आणायला जावं तर आपलाच शब्द आडवा! म्हणून त्यांनी युक्ती काढली. आपण देश पाहायला जायचं. जुनी शहरं, डोंगर, धबधबे, सगळं पाहायचं. वाटेत कुणी भेटलं तर भेटलं. आम्हा तिघांना खरं कारण माहीत होतं, आणि आम्हाला ते माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. पण बोलायचं नाही, असा बैठकीचा कायदा होता.

*

मी शाळेतून नकाशा आणला. निजामाच्या वेळचा, नावं सगळी उर्दूत. राज्य गेलं तरी नकाशा बदलायला मंजुरी आली नव्हती.

बापूराव सिलोन बघून नाराज झाले. "एवढंसंच? एवढ्यासाठी गाडी, बोट अन् सारा खर्चा?"

प्रेमसुखजींनी त्यावर अंगठा ठेवला. सगळा देश अंगठ्याखाली गेला. बराच वेळ तो अंगठा त्यांनी उचलला नाही.

"मास्तर, एवढ्याशा मुलखात माणूस हरपतो कसा हो?"

करीमभाई सुईत दोरा ओवायला लागले. तेव्हा तेच घाईघाईनं म्हणाले, "माणूस म्हंजे कुणी बी. मी आपलं जनरल बोलून राह्यलो!"

*

पुस्तकं चाळून मी झकास बेत आखला. अनुराधपूरचे स्तूप आणि बोधिवृक्ष, सिगिरियाच्या उभ्या कड्यावरचा राजवाडा, कँडीचं बुद्धाच्या दाताचं मंदिर, नुवारा एलियाचे चहाचे मळे आणि धबधबे, गॉलचा समुद्रकाठचा किल्ला. मला स्वतःला तो बेत फार आवडला होता. कोकणसुद्धा न पाहिलेला मास्तर मी, नुसतं वाचूनच हरखून गेलो होतो.

प्रेमसुखजींनी डोळे मिटून ऐकलं. "बराबर हाय. कोलंबोला किती रोज?"

"कोलंबोत काय आहे? बंदर आणि बाजार. एक दिवस पुष्कळ झाला."

"बाजार हाय ना? मंग दोन ठिवा. आपण धंद्याची मानसं."

पुढच्या आठवड्यात धबधबा गेला. "पाणीच ना ते? ते अजिंठ्याला बी पडतं." तो दिवस कोलंबोला मिळाला. मग किल्ला गेला, कारण किल्ला दौलताबादला आहे. कडा गेला, कारण बापूरावांचे गुडघे दुखतात. स्तूपांचीही तीच गत. शेवटी राहिली कँडी.

"मास्तर, दात काय पाह्यचा?"

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "मग सरळ म्हणा ना, की तुम्हाला..."

करीमभाईंनी मशीनवर असा काही पाय मारला, की पुढचं माझं मलाच ऐकू आलं नाही. मशीनवर कापड नव्हतंच!

*

बोटीत मळमळतं असं कुणीतरी सांगितलं. त्यावर सवय हाच उपाय, हे बापूरावांचं मत. प्रेमसुखजींच्या ओसरीत मोठा झोपाळा होता. एका रविवारी भरपेट दालबाटी खाऊन आम्ही एकेकजण त्यावर बसलो आणि बाकीचे ढकलायला लागलो.

बापूराव पहिल्यांदा बसले. थोड्याच वेळात, "थांबवा, थांबवा, किनारा आला!" असं ओरडत ते अंगणाकडे पळाले. माझंही तेच झालं. प्रेमसुखजी उतरले नाहीत, पण त्यांचा चेहरा काकडीसारखा झाला होता.

त्यांच्या पत्नी, गुलाबबाई, पदर पुढे ओढून दारातून सगळं बघत होत्या. आम्ही आडवे झाल्यावर त्या सावकाश येऊन झोपाळ्यावर बसल्या आणि पायानं रेटा देत खुशाल झुलत राहिल्या.

"मला तर काहीच होत न्हाई," त्या म्हणाल्या. "मी बी येते."

"बाईमानसानं समुद्र वलांडून लंकेला जायाचं म्हंजे काय?" प्रेमसुखजी म्हणाले.

"सीता न्हाई गेल्ती?"

"ती काय आपल्या मनानं गेल्ती?"

"मंग मी आपल्या मनानं जाते!"

तेव्हापासून बेतात माणसं पाच झाली. त्या दिवशी आम्ही खूप हसलो होतो. 

*

जायचं केव्हा, यावरून तर इतकी खडाजंगी व्हायची! दिवाळी ते संक्रांत बापूरावांचा कापूस. शिमग्यानंतर लग्नसराई, म्हणजे प्रेमसुखजींना दुकानातून मान वर करायला फुरसत नाही. पावसाळ्यात चातुर्मास. गावात मुनी महाराजसाहेब मुक्कामाला, ते चार महिने प्रेमसुखजी जालन्याची वेस ओलांडत नसत. करीमभाईंचा रमजान दर वर्षी थोडा मागं सरकायचा, त्यामुळे तो कुणाच्या ना कुणाच्या सवडीवर बरोबर येऊन बसायचा. आणि माझी शाळा होतीच.

मी कागद-पेन्सिल घेऊन सगळ्यांच्या अडचणी वजा केल्या. उरली फक्त धुळवड.

"धुळवडीला कोण निघतं परवासाला?" बापूराव म्हणाले.

"बराबर," प्रेमसुखजी म्हणाले. "मंग पुढल्या साली पाहू." असं ते दर साली म्हणायचे, आणि मला वाटतं, त्यांना जाण्यापेक्षा जाऊनही मोहन आला नाही तर काय, याचीच जास्त भीती होती.

*

बाजारातल्या हॉटेलात रेडिओ आला. त्यावर संध्याकाळी रेडिओ सिलोन लागायचं, थेट कोलंबोहून हिंदी सिनेमाची गाणी. प्रेमसुखजींना सिनेमाचा भयंकर तिटकारा. पण एक दिवस पाहतो तर हे हॉटेलच्या बाकावर! हात न लावलेला चहा पुढ्यात निवत होता आणि कान रेडिओकडे.

"गाणं न्हाई ऐकत मी," ते म्हणाले. "गाण्याच्या मागं काही बाजाराचा गलका ऐकू येतो का, ते पाहून राह्यलो."

रेडिओवर फर्माईश करणाऱ्यांची नावं वाचायचे. करीमभाईंच्या डोक्यात किडा वळवळला. त्यांनी कुणालाही न विचारता पत्र टाकून दिलं. आणि एका संध्याकाळी, भरल्या हॉटेलात, रेडिओतला माणूस गोड आवाजात बोलला, "जालना से गुलाबबाई, प्रेमसुखजी, और मोहन के सब दोस्त!" पाठोपाठ गाणं लागलं. तेही कसलं? बागेत झाडाआड पळणाऱ्या दोघांचं!

सगळा बाजार हसला. पोरं दुकानापुढून तेच गाणं म्हणत जायला लागली. प्रेमसुखजी करीमभाईंवर कडाडले, "इज्जतीचं भरीत केलं माझ्या!"

"सेठ," करीमभाई शांतपणे म्हणाले, "इज्जत तो जालने में गयी. नाम तो कोलंबो में पहुँचा ना?"

गुलाबबाईंनी मला बोलावून ती ओळ चार वेळा म्हणायला लावली. मग विचारलं, "माझं नाव आधी घेतलं का ह्यांचं?"

"तुमचं."

"मंग त्यानं ऐकलंच असंल," त्या म्हणाल्या, आणि करीमभाईंच्या घरी भांडंभर लापशी पाठवली. पुढं कितीतरी दिवस पोस्टमन गल्लीत आला की त्या दारात येऊन उभ्या राहायच्या.

*

पुढल्या पावसाळ्यात गुलाबबाईंना मुदतीचा ताप आला. मी पाहायला गेलो तेव्हा उठून बसायला लागल्या.

"मास्तर, समुद्राचं पाणी खारं म्हणतात. मंग तिथले लोक पेतात काय?"

"विहिरीचं, आपल्यासारखंच."

"मंग ठीक हाय. मोहनला खाऱ्या पाण्यानं पोट दुखायचं."

पोळ्याच्या आधी त्या गेल्या. बरोबर न्यायला म्हणून त्यांनी एक डबा भरून ठेवला होता. त्यातले लाडू त्या दर थोड्या दिवसांनी आम्हाला वाटून टाकायच्या आणि ताजे करून भरायच्या. एवढी वर्षं ते लाडू आम्ही खाल्ले, पण ते आपले नव्हेत हे खाताना प्रत्येकाला ठाऊक होतं.

मोहनला कळवायला कुणाकडेच पत्ता नव्हता. कोलंबोची खबर देणारा तो व्यापारीही वारला होता. आठवड्यानंतर करीमभाई चाचरत म्हणाले, "सेठ, रेडिओवाल्यांनाच लिहू का?"

प्रेमसुखजींनी त्यांच्याकडे पाहिलं. "लिव," ते म्हणाले. "पन गाणं कोणतं लावा म्हणतो?"

करीमभाई तोंड फिरवून मशीनला तेल घालत बसले. ते पत्र गेलं नाही. बैठकीतून सिलोनही गेलं, आणि आम्ही कापसाच्या भावावर बोलायला लागलो.

*

दोन वर्षांनी, ऐन उन्हाळ्यात, प्रेमसुखजी गादीवर येऊन बसले आणि म्हणाले, "मास्तर, शाळंला सुट्टी कधी लागून राह्यली? मला पोराला आणाया जायचं."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते सरळ बोलले. मी लग्नसराईची आठवण दिली.

"लग्नसराई गेली चुलीत!"

पासपोर्ट त्यांनी गुपचूप काढून ठेवला होता, एकट्याचाच. मी धनुष्कोडीच्या बंदरापर्यंत सोबत करायची, पुढे बोटीतून ते एकटे जाणार, असं ठरलं. बेतात आता ना स्तूप होते ना कँडी. नुसतं कोलंबो.

पण मुहूर्त निघाला गुरुवारचा आणि माझी सुट्टी शनिवारपासून. अशा वेळी आमच्याकडे प्रस्थान ठेवतात. मुहूर्ताला सुपारी-तांदळाची पुरचुंडी जायच्या दिशेच्या शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायची, की माणूस निघाला असं धरतात. मग स्वतः दोन दिवस घरी जेवला तरी चालतं. प्रेमसुखजींना ही पळवाट नको होती. आयुष्यात एकदाच निघायचं, तर नीट निघायचं! गुरुवारी सकाळी त्यांनी घराला कुलूप घातलं आणि वळकटी घेऊन ते स्वतःच माझ्याकडे राहायला आले. माझं घर त्यांच्या घराच्या दक्षिणेला, गल्लीच्या पलीकडे. निघालेल्या माणसानं मागं वळून घर पाहायचं नाही, उंबऱ्याला पाय लावायचा नाही. लावला तर प्रवास मोडला. म्हणून ते गल्लीकडे पाठ करून बसायचे.

शुक्रवारी दुपारी उन्हानं गल्लीत चिटपाखरू नव्हतं. हैदराबादकडची गाडी येऊन गेली होती. समोर टांगा थांबल्याचा आवाज आला. मी खिडकीतून पाहिलं. एक वाळलेला माणूस ट्रंक उतरवून घेत होता. केस विरळ झाले होते, तरी चाल मी ओळखली.

तो दारापाशी गेला. कुलूप हातात धरून उभा राहिला. मग, मागच्या दारानं तरी कुणी येईल म्हणून, माडीकडे तोंड करून त्यानं हाक मारली. आईला तो बाई म्हणायचा.

"बाई! ओ बाई!"

मी वळलो. प्रेमसुखजींच्या हातातली बशी कलंडली होती आणि दूध धोतरावर सांडत होतं. त्यांनी आवाज माझ्या आधीच ओळखला होता.

"प्रेमसुखजी, मोहन आलाय! उठा, चला. मोडू द्या प्रवास."

ते अर्धवट उठले आणि परत खाली बसले. बाहेर तो आता कडी वाजवत होता.

"बाई, मी आलो ना! दार उघड!"

प्रेमसुखजींनी उपरणं तोंडात कोंबलं. त्यांची पाठ हलत होती.  थोड्या वेळानं त्यांनी तोंड पुसलं, पण मान वळवली नाही.

"मास्तर, तुम्ही जा."

"काय सांगू त्याला?"

"सांगा," ते म्हणाले, "दोघं बी तुला आणाया सिलोनला गेलेत."