पंखवाला रेडा मी मारला

हसणार न्हाई असं कबूल करा, मगच सांगतो. न्हाईतर चहा प्या आन् गुमान आपापल्या घरी जावा. मी आयुष्यात लई चुका केल्यात, पण भर अंगणात, माईक हातात घेऊन, पस्तीस शिकल्यासवरल्या पोरापोरींना रडवायची चूक एकदाच केली.

आन् तीबी कशापायी? स्वतःच्या लेकीची मान ताठ राहावी म्हणून!

आमची शीतल तुमाला ठाऊक हाय का? नसली तर ऐका. तिच्याबद्दल बोलायला लागलो की मला थांबता येत न्हाई, हे आधीच सांगून ठेवतो. हिंजवडीशेजारच्या माणमधली आमची बरीचशी जमीन आयटी पार्कात गेली. उरली त्यात मी बारा खोल्या काढल्या आन् भाड्यानं दिल्या. पोरगी नववीत असताना एका भाडेकरूनं खोली सोडली आन् एक इंग्रजी पुस्तक मागं टाकून गेला. हे एवढं जाड! मी म्हणलं, गोठ्याच्या दाराला टेकण लावायला बरं हाय. पोरीनं ते माझ्या हातातनं काढून घेतलं, शेजारी डिक्शनरी घेतली, आन् तीन महिन्यांत फस्त! मग माझ्या मागं लागून पुढची पाच आणवली. सहाच्या सहा वाचली हो! आमच्या घराण्यात सातबाऱ्यापलीकडं कुणी काय वाचलं नव्हतं.

त्या पुस्तकांचं नाव मी घेत न्हाई. शीतल म्हणती, "पप्पा, तुमी नाव घेतलं की माझ्या अंगावर काटा येतो."

गोष्ट मात्र मला ठाऊक होती. एक राजकन्या हाय, तिचं राज्य गेलंय. तिच्या संगं एक पांढऱ्या दाढीचा मास्तर, एक एका हाताचा सेनापती आन् एक उडणारं जनावर. त्या जनावराला इंग्रजीत लई मोठं नाव हाय. पण मला विचाराल तर रेडाच. शिंगं रेड्याची, गर्दन रेड्याची, डोळ्यातला रागबी रेड्याचा. पंख तेवढे जास्तीचे. ह्या रेड्यावर पोरांचा असा जीव की काय सांगावं! खोली नंबर सातमधल्या नागपूरच्या सौरभनं तर दंडावर गोंदून घेतलाय.

शीतल आता हिंजवडीत एका कंपनीत नोकरीला हाय. तिनं आन् सौरभनं मिळून ह्या पुस्तकवेड्यांचा एक ग्रुप काढला. दोनाचे पस्तीस झाले. महिन्यातनं एकदा कुटंतरी हॉटेलात जमायचे आन् तीन-तीन तास बोलायचे. एकदा मी तिला सोडायला गेलो आन् दाराशी उभा राहून ऐकलं. काय बोलती पोरगी! पुण्याची, लातूरची, कुठली कुठली इंजिनियर पोरं माना डोलावून ऐकतायत आन् मधी आमची शीतल! छाती अशी फुगली म्हणता, शर्टाचं वरचं बटण तुटलं. खोटं वाटत असलं तर हिला विचारा, हिनंच ते परत लावलं.

तर झालं असं, पहिल्या पुस्तकावर पिक्चर आला. शुक्रवारी लागणार आन् ह्या लोकांनी रविवारची पस्तीस तिकिटं एकदम काढली. आधी आमच्या अंगणात नाश्ता, मग बसनं थेटरात, मग परत येऊन गच्चीवर चर्चा. म्हंजे पहिल्यांदाच सगळे आमच्या घरी येणार होते. शीतलनं मला बाजूला घेतलं.

"पप्पा, नारळ तुमी फोडायचा. आन् दोन शब्द बोलायचे. दोनच हां! माझी इज्जत तुमच्या हातात हाय."

आता मला सांगा, लेकीनं असं म्हणल्यावर बाप 'सर्वांचे स्वागत असो' म्हणून खाली बसेल काय?

मी काय साधासुधा बोलणारा न्हाई. जत्रेत नाटक असलं की पडदा वर जायच्या आधी मी उभा राहतो आन् अख्खं नाटक सांगतो. पयल्यापासनं शेवटपर्यंत! कोण कुणाचा भाऊ, कोण फितूर, कोण मरणार. मागं बसलेल्या म्हाताऱ्यांना ऐकू येत न्हाई, बायका पोरं सांभाळत असतात, आधी गोष्ट ठाऊक असली की बघायला बरं पडतं. आमच्याकडं ज्याला शेवट ठाऊक तो शहाणा. ठाऊक नसलेला डोकं खातो, 'आता काय झालं, आता काय झालं' करत.

म्हणून मी ठरवलं, बोलायचं तर अभ्यास करून. शुक्रवारी सकाळी हिला सांगितलं, बँकेत जातोय. आन् थेट पिक्चरला! हिंदीत होता, पहिला शो. सगळी कॉलेजची पोरं आन् मधी मी एकटा टोपीवाला. घरी येऊन लाइटबिलाच्या पाठीवर मुद्दे काढले आन् कुणाला पत्ता लागू दिला न्हाई.

रविवार उजाडला. अंगणात मंडप, मंडळाचा स्पीकर, पोहे, जिलबी. पाटावर सहा पुस्तकं मांडली, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. पोरांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. शीतलच्या चेहऱ्यावर असं तेज! मी माईक घेतला.

"जमलेल्या माझ्या बांधवांनो आन् भगिनींनो! आज तुमी जो पिक्चर बघायला चाललाय, त्याचा शेवट पुस्तकापेक्षा निराळा केलाय म्हणतात. तर तुमाला जड जाऊ नये म्हणून थोडक्यात सांगतो."

एकदम शांतता. माझ्या भाषणाला एवढी शांतता कधीच मिळाली नव्हती.

"तर सेनापती हा फितूर निघतो!"

"काका, नको!" कुणीतरी ओरडलं. मी म्हणलं, बघा, पोरांना कसं लागलं मनाला. जत्रेतबी फितुराचं नाव काढलं की लोक असंच ओरडतात.

"नको म्हणून कसं चालेल? फितूर तो फितूरच! किल्ल्याचा दरवाजा तोच उघडतो."

दहा-बारा पोरींनी कानावर हात ठेवले. अभद्र ऐकलं की बायामाणसं ठेवतात तसे. मला वाटलं, संस्कार हायेत हो पोरींवर. सौरभ उठला आन् मोठमोठ्यानं 'ला ला ला ला' करून गायला लागला. मी म्हणलं, वा, पार्श्वसंगीत! पण माझा आवाज दबायला लागला, म्हणून स्पीकर वाढवला.

शीतल मागनं दोन्ही हात हलवत होती. मला वाटलं, म्हणतीया वाढवा, वाढवा. वाढवलं.

"आन् मंडळी, काळजावर दगड ठेवा. आपला रेडा! आपला पंखवाला रेडा! राजकन्येच्या मांडीवर डोकं ठेवून प्राण सोडतो!"

लातूरची एक ऋतुजा म्हणून पोरगी हाय. ती हुंदका देऊन रडायला लागली. माझ्याबी डोळ्यात पाणी आलं. आपल्या बोलण्यानं माणसानं रडावं, ह्यापरीस मोठा सत्कार कुठला? मी टोपी काढून एक मिनिट उभा राहिलो, श्रद्धांजली म्हणून.

तेवढ्यात शीतलनं वायर उपसली.

"पप्पा... तुमी पिक्चर बघितला?"

"व्हय! शुक्रवारी, पयला शो! तुझ्यासाठी!"

मग सौरभनं मला समजावून सांगितलं. पोरगं गुणी हाय, आवाज चढवला न्हाई. "काका, शेवट कळू नये म्हणून आम्ही शुक्रवारपासून मोबाइल बंद ठेवलेत. ऑफिसात कोणाशी बोललो नाही. मी आईचासुद्धा फोन घेतला नाही."

अहो, पायाखालची जमीन सरकली! जिलबी कुणी खाल्ली न्हाई. सगळे बसमध्ये जाऊन बसले, मयताला चालल्यासारखे. शीतल शेवटी चढली. माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई. रागावली असती, ओरडली असती तर चाललं असतं. पण तिची मान खाली होती हो. दहा वर्षं कमावलेलं माझ्या पोरीनं, आन् मी दहा मिनिटांत घालवलं.

मी ओट्यावर बसलो. ही आली, शेजारी बसली.

"एवढं काय मनाला लावून घेताय? खरं तेच सांगितलं न्हवं?"

मी हिच्याकडं बघायचं टाळलं. कारण ते खरंबी नव्हतं.

आता तुमच्यापासनं काय लपवायचं? मऊ खुर्ची, थंड हवा, पहाटे उठून धार काढलेली. शत्रूनं किल्ल्याला वेढा घातला इथवर मी बघितलं. मग जो डोळा लागला तो दिवे लागले तवाच उघडला. लोक उठून बाहेर चालले होते. मीबी उठलो, गाडी काढली, घरी आलो. मग शेवट कुठनं आणला? जत्रेतनं! वीस वर्षं नाटकं सांगतोय, सेनापती कायम फितूर असतो आन् जो सगळ्यांचा लाडका तो मांडीवर मरतो. हितं काय निराळं असणार, म्हणून ठोकून दिलं.

"अवो, म्हंजे तुमी झोपला होता?" ही म्हणाली. "आन् वर माईकवर सांगितलं?"

"हळू बोल की!"

म्हंजे बघा, आता पोरं परत येणार आन् म्हणणार, शीतलचा बाप नुसता आगाऊच न्हाई, थापाड्याबी हाय. मी गोठ्यात जाऊन बसलो. म्हशीपुढं माणसाला लाज वाटत न्हाई.

दुपारी बसचा हॉर्न वाजला. आन् त्यामागं असा कल्ला! मला वाटलं, मारायलाच आले. सौरभ पुढं, त्याच्यामागं सगळी फौज, थेट गोठ्यात!

"काका! काय डोकं आहे तुमचं!"

"माझं?"

"अहो, आम्ही दोन तास सेनापतीवर डोळा ठेवून बसलो! आता दरवाजा उघडेल, मग उघडेल! आणि मास्तरने मागून सुरी घातली! मास्तर फितूर! कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं!"

"आणि रेडा जगला काका!" ऋतुजा म्हणाली, परत रडत. "मी तर सुतक धरून बसले होते. तो धुरातून उडत बाहेर आला ना, मी खुर्चीवर उभी राहिले!"

"मुद्दाम चकवलंत ना आम्हाला?"

आता तुमीच सांगा. पस्तीस जण खांद्यावर घ्यायला निघालेत. आन् त्यांच्यात माझी पोरगी, डोळे भरलेले, सगळ्यांना सांगतीया, "माझे पप्पा हायेत हे! माझे पप्पा!" ह्या जागी हरिश्चंद्र असता तरी चार मिनिटं गप बसला असता. मी बसलो. मिशीवरनं हात फिरवला आन् म्हणालो, "असलं काय करायचं तर त्याला आधी अभ्यास लागतो."

"अभ्यास कसला? झोप लागती!" मागनं आवाज आला. ही! हातात चहाचा ट्रे. "थेटरात घोरत होते. मलाच सांगितलं मघाशी. आन् मला म्हणले बँकेत जातोय!"

झालं! पस्तीस जण माझ्याकडं बघतायत. मी म्हशीकडं बघतोय.

पयल्यांदा कोण हसलं असेल? शीतल. अशी हसली की खाली बसली. मग सगळा गोठा हसला. मला वाटलं, गेली, परत गेली पोरीची इज्जत. पण ती उठली, डोळे पुसले, माझा हात धरला आन् सगळ्यांसमोर म्हणाली, "माझ्या बापानं थेटरात पाय ठेवून पंधरा वर्षं झाली होती. माझ्यासाठी एकटा गेला, पहाटेची धार काढून गेला. झोपला तर झोपला." आन् पोरांनी टाळ्या वाजवल्या हो! भाषणाला न्हाई वाजवल्या, ह्याला वाजवल्या. त्या दिवशी गच्चीवरच्या चर्चेत मला खुर्ची होती, पुढच्या रांगेत. माझ्या लेकीच्या शेजारी.

शीतल म्हणाली, "पप्पा, आता तुमाला मीच दाखवते." पुढच्या रविवारी आमी दोघंच गेलो. मी घरनं दोन कप चहा पिऊन निघालो होतो. पापणी लवू दिली न्हाई! वेढा बघितला, तोफा बघितल्या, रेडा आगीत शिरताना बघितला. एकदम अंधार झाला, मग दिवे लागले. लोक उठून बाहेर चालले. मीबी टोपी घातली आन् उठलो.

"बघितलंस न्हवं? एक मिनिट झोपलो न्हाई! पण खरं सांगू का पोरी, ह्यांना शेवट काय जमला न्हाई. मास्तर न्हाई, सुरी न्हाई, तसाच अर्धवट सोडला. ह्यापरीस माझाच शेवट भारी होता."

शीतलनं माझा सदरा धरून मला खाली ओढलं.

"पप्पा, बसा. इंटरवल झालाय."